कापडाची चुणी आणि संगणकाचे गणित : त्सुकुबाहून आणलेला एक धडा



चार वर्षांपूर्वीची गोष्ट. शब्बाथ संपल्यावर आम्ही सारे बहिणीच्या घरी चहाला बसलो होतो. तिच्या मुलीने, म्हणजे माझ्या भाचीने, हळूच सांगितले, "मावशी, मला पुढचे शिक्षण जपानला घ्यायचे आहे. विषय आहे कापड." तिचे वडील हसले. म्हणाले, "अगं, कापडच शिकायचे होते तर तुझे आजोबा परळच्या गिरणीत साच्यावर सारा जन्म उभे होते. त्यांनी फुकट शिकवले असते!" सगळे हसले, भाची मात्र हसली नाही. तिला शिकायचे होते ते संगणकातले कापड. पडद्यावरच्या माणसाच्या अंगावर सदरा कसा हलतो, साडीची निरी कशी पडते, हे गणिताने हुबेहूब करून दाखवण्याचे शास्त्र. त्याला सिम्युलेशन म्हणतात. आपण त्याला 'गणिती नक्कल' म्हणू.

गेल्या ऑक्टोबरात तीन आठवडे मी तिच्याकडे त्सुकुबाला राहून आले. तिथे जे पाहिले व समजून घेतले, आणि तिथे पोहोचण्यापूर्वी आमच्या हातून जी चूक झाली, ते दोन्ही या पानांतून आपल्यापुढे ठेवीत आहे. घरात शिकणारी मुलेबाळे असतील त्यांनी शेवटचा भाग सावकाश वाचावा.

१. कापड म्हणजे काय?

आधी एक प्रयोग करू. सुती हातरुमाल घ्या. समोरासमोरच्या दोन कडा धरून सरळ ओढा. रुमाल जवळजवळ ताणला जात नाही. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरका ओढा. तोच रुमाल मुकाट्याने लांबतो व मध्ये चुण्या पडतात. शिंप्याच्या भाषेत हा 'उरेब' होय. गळ्याला लावावयाची पट्टी तो उरेब कापतो, ती याच गुणासाठी.

कारण सोपे आहे. कापड ही रबराची चादर नव्हे. त्यात उभे धागे व आडवे धागे, म्हणजे ताणा आणि बाणा, एकमेकांवरून जातात. सरळ ओढले की धागाच ताणावा लागतो, आणि धागा सहजी ताणला जात नाही. तिरके ओढले की धागे लांबत नाहीत, नुसता त्यांच्यामधला कोन बदलतो. तिसरा गुण वाकण्याचा. कागद कोपऱ्यातून उचलला तर ताठ राहतो, रुमाल खाली लोंबतो.

ताण, कोनाचा बदल आणि वाक, एवढ्या तीन गोष्टींतून निरी, पदर, झोळ व सुरकुती जन्माला येतात. बाबा अंगठा आणि दोन बोटे यांच्यामध्ये कापड चोळून, डोळे मिटून सांगत, "हा मांजरपाट, हा लठ्ठा, ही मलमल." ते हे तीन गुणच बोटांनी मोजत होते, हे मला साठी ओलांडल्यावर कळले.

२. बोटांचे ज्ञान आकड्यांत

हे बोटांचे ज्ञान आकड्यांत मांडण्याचे श्रेय फार पूर्वीच्या माणसांकडे जाते. १९३० साली इंग्लंडमध्ये पिअर्स या शास्त्रज्ञाने कापडाचा स्पर्श मोजता येतो असे दाखवून दिले. त्याची रीत घरी करण्यासारखी आहे. जाड पुठ्ठ्याचा काटकोन त्रिकोण कापा : आडवी बाजू १० सेंटिमीटर, उभी बाजू ८.८ सेंटिमीटर. त्याची तिरपी बाजू सुमारे साडेएकेचाळीस अंशांचा उतार देते. टेबलाच्या काठाबाहेर कापडाची अडीच सेंटिमीटर रुंदीची पट्टी हळूहळू सरकवा. काठापासून पट्टीच्या टोकापर्यंतची रेषा या उताराशी जुळली की थांबा आणि बाहेर आलेली लांबी मोजा. तिचा निम्मा भाग म्हणजे त्या कापडाची 'वाकलांबी'.

समजा, मऊ कापडाची पट्टी ४ सेंटिमीटर बाहेर येऊन झुकली आणि तेच कापड खळ देऊन वाळवल्यावर ८ सेंटिमीटर बाहेर आले. वाकलांबी दुप्पट झाली. पण वाकण्याला होणारा विरोध या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. वजन तेच धरले तर तो विरोध दुप्पट नव्हे, आठपट झाला! खळ दिलेले पातळ नेसताना निऱ्या जागच्या जागी का उभ्या राहतात, याचे उत्तर या आठाच्या आकड्यात आहे. खळीने वजनही थोडे वाढते, ते येथे सोडून दिले आहे.

पुढे १९७० नंतरच्या दशकात जपानच्या क्योतो विद्यापीठातील सुएओ कावाबाता यांनी यासाठी यंत्रांचा एक संचच तयार केला. ताणणे, तिरके सरकवणे, वाकवणे, दाबणे आणि पृष्ठभागावरून घासणे, असे पाच प्रकार मोजून एका कापडाचे सोळा आकडे मिळतात. जगभरच्या कापड उद्योगात आणि प्रयोगशाळांत ही पद्धत गेली. संगणकवाल्यांनी हेच आकडे पुढे उचलले.

३. संगणक निरी कशी पाडतो?

१९८६ साली जेरी वाइल यांनी संगणकावर टांगलेल्या कापडाचे चित्र काढले. दोन खिळ्यांमध्ये सैल दोरी जशी लोंबते तशा वक्ररेषा जोडून ते केले होते. आकार मिळाला, पण कापड हलत नव्हते. १९८७ मध्ये दिमित्री तेर्झोपुलोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लवचिक वस्तूंचे भौतिकशास्त्रच संगणकाला शिकवले. तेव्हापासून हलत्या कापडाची वाट मोकळी झाली.

समजायला सर्वांत सोपी पद्धत झाव्हिए प्रोव्हो यांच्या १९९५ च्या लेखात सापडते. कापडाच्या जागी ठिपक्यांची जाळी घ्यावयाची, आपण अंगणात रांगोळीसाठी ठिपके काढताना पाहिले आहेत तशी. प्रत्येक ठिपक्याला थोडे वजन द्यावयाचे आणि शेजारच्या ठिपक्याशी स्प्रिंगने बांधावयाचे. सरळ शेजाऱ्याशी बांधलेली स्प्रिंग ताणाला विरोध करते. तिरप्या शेजाऱ्याशी बांधलेली उरेब ओढीला विरोध करते. एक ठिपका सोडून पलीकडच्याशी बांधलेली वाकण्याला विरोध करते. आपल्या रुमालाचे तीन गुण येथे तीन प्रकारच्या स्प्रिंगा होऊन आले.

आता हिशेब पाहा. १०० गुणिले १०० ठिपक्यांच्या जाळीत १०,००० ठिपके होतात. सरळ स्प्रिंगा १९,८००, तिरप्या १९,६०२ आणि एकाआड एक १९,६००. एकूण ५९,००२. चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे लागतात. प्रत्येक चित्रासाठी, आणि दोन चित्रांच्या मधल्या अनेक क्षणांसाठी, या साऱ्या स्प्रिंगांची ओढ काढून न्यूटनच्या नियमाने प्रत्येक ठिपका थोडा थोडा पुढे न्यावा लागतो.

येथे मोठी अडचण आली. कापड ताणाला कडक असते, म्हणून स्प्रिंगही कडक ठेवावी लागते. काळाचे पाऊल जरा मोठे टाकले की ठिपका आपली जागा ओलांडून पलीकडे जातो. स्प्रिंग त्याला दुप्पट जोराने मागे खेचते, तो आणखी लांब जातो, आणि दोन-चार पावलांत सारे कापड चिंध्या होऊन पडद्याबाहेर उडते. म्हणून पाऊल अतिशय बारीक टाकावे लागे व संगणक दिवसचे दिवस चालत राही.

१९९८ साली अमेरिकेत डेव्हिड बॅराफ व अँड्र्यू विटकिन यांनी यावर तोड दिली. अंधारात जिना उतरताना आपण काय करतो? ज्या पायरीवर उभे आहोत तिच्या भरवशावर पुढे झोकून देत नाही. पुढच्या पायरीवर तोल राहील असे पाऊल आधी चाचपतो. त्यांनी तेच केले. आताच्या ओढीवर न विसंबता, पाऊल टाकल्यानंतर जी ओढ असेल तिच्याशी जुळणारी जागा शोधली. त्यासाठी हजारो समीकरणे एकदम सोडवावी लागतात, पण पाऊल मोठे टाकता येते. बॅराफ, विटकिन आणि मायकेल कास यांना चित्रपटांतील कापडाच्या कामासाठी २००६ मध्ये अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. पिक्सार या संस्थेचा 'गेरीज गेम' हा १९९७ चा लघुपट नातवंडांबरोबर अवश्य पाहा. बागेत एकटाच बुद्धिबळ खेळणाऱ्या म्हाताऱ्याच्या कोटाकडे लक्ष ठेवा. तो कोट कोणी शिवलेला नाही.

एवढ्याने काम संपत नाही. कापड अंगावर टेकते, स्वतःवरही टेकते. १०,००० ठिपक्यांपैकी कोण कोणाला शिवेल हे पाहण्यासाठी जोड्या करू गेलो तर त्या जवळजवळ पाच कोटी होतात. एकही स्पर्श नजरेतून सुटला तर पदर खांद्यातून आरपार जातो. २००२ मध्ये रॉबर्ट ब्रिडसन, रोनाल्ड फेडकिव व जॉन अँडरसन यांनी या स्पर्शांचा भक्कम बंदोबस्त करून दाखवला. २००८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील काल्डोर, जेम्स व मार्श्नर यांनी तर ठिपक्यांची जाळीच सोडून दिली आणि लोकरीच्या विणीतला एकेक धागा, एकेक टाका गणितात आणला. तरीही साडीच्या निऱ्या हे आजही कठीणच काम आहे. पाच-सात थर एकमेकांवर, प्रत्येक थर दुसऱ्याला घासणारा. भाची म्हणते, "मावशी, तू दोन मिनिटांत कमरेला खोचतेस ते संगणकाला घाम फोडते."

४. त्सुकुबाच का?

हा प्रश्न मी तिला विचारला होता. तोकियोच्या ईशान्येस सुमारे साठ किलोमीटरवर, इबाराकी प्रांतात, हे शहर आहे. राजधानीतील संशोधन संस्थांची गर्दी बाहेर न्यावी म्हणून १९६३ साली जपान सरकारने ही जागा निवडली. शेते व पाइनची राने होती तेथे आखीव रस्ते आणि प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. १९७३ मध्ये त्सुकुबा विद्यापीठ स्थापन झाले. १९८५ मध्ये येथे विज्ञानाचे जागतिक प्रदर्शन भरले व दोन कोटींहून अधिक लोक ते पाहून गेले. फुजित्सू कंपनीच्या दालनात घुमटाएवढ्या पडद्यावर संगणकाने काढलेला त्रिमिती चित्रपट दाखवला जाई. संगणकाचे चित्र म्हणजे काय हे सामान्य माणसाने पाहिले, त्यातल्या पहिल्या मोठ्या प्रसंगांपैकी हा एक. २००५ पासून आकिहाबारा स्थानकातून जलद गाडीने ४५ मिनिटांत त्सुकुबाला पोहोचता येते. मीही तशीच गेले.

या विद्यापीठात जुन मितानी हे संगणक-चित्रणाचे प्राध्यापक आहेत. कागदाच्या घड्यांचे, विशेषतः वक्र घड्यांचे, गणित हा त्यांचा विषय. त्यांनी तयार केलेल्या आज्ञावलीच्या मदतीने इस्से मियाके या प्रख्यात वस्त्रकाराच्या गटाने २०१० साली '१३२ ५.' नावाची वस्त्रे काढली. जमिनीवर ठेवली तर ती चपटी भौमितिक घडी असते. वरचे टोक धरून उचलले की घडीतून झगा उलगडतो. कापड, गणित आणि अंगावरचे वस्त्र यांची अशी गाठ जेथे पडली, तेथे शिकावे असे माझ्या भाचीला वाटले. यात नवल नाही.

एका रविवारी ती मला त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याशी कोकागे नावाच्या देवळापाशी घेऊन गेली. हे रेशमाच्या किड्याचे देऊळ. दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना उंच झाडे, माणूस नाही. तेथली दंतकथा अशी की हिंदुस्थानातील एक राजकन्या तुतीच्या पोकळ ओंडक्यात बसून समुद्रात वाहत या प्रांताच्या किनाऱ्याला लागली. एका जोडप्याने तिला सांभाळले, आणि मृत्यूनंतर ती रेशमाचा किडा झाली. पूर्वजांचे तारू नवगावच्या किनाऱ्यावर फुटले हे ऐकत मोठी झालेली मी. त्या पायऱ्यांवर बसून मला वाटले, किनाऱ्याला लागलेल्या माणसाला कोणी तरी आधी सांभाळावे लागते, रेशीम नंतर. याच प्रांतातील युकी गावी हाताने ओढलेल्या, पीळ न दिलेल्या रेशमाचे कापड आजही कमरेच्या पट्ट्याने ताणा ओढून विणतात. २०१० मध्ये युनेस्कोने त्या कलेची नोंद अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली.

५. आमची चूक, आणि अर्ज कसा करावा

आता धड्याचा दुसरा भाग. भाचीने पहिला अर्ज जपानमधील एका विद्यापीठाला केला होता. तो मुलाखतीपर्यंतही न पोहोचता परत आला. कागद मी तपासले होते. एकतीस वर्षे मुलांच्या वह्या तपासलेल्या बाईने वाक्यरचना सुधारली, स्वल्पविराम घातले, पण पात्रतेचा नियम वाचला नाही. जपानमध्ये पदव्युत्तर प्रवेशासाठी साधारणतः सोळा वर्षांचे शिक्षण लागते; मान्यताप्राप्त परदेशी विद्यापीठाची तीन वर्षांची पदवीही नियमात बसू शकते, पण ते त्या त्या विद्यापीठाकडून आधी तपासून घ्यावे लागते. इस्रायलमध्ये बारा वर्षे शाळा व तीन वर्षांची पदवी, म्हणजे पंधरा. भारतातील तीन वर्षांच्या बी.ए., बी.एस्सी.चेही तसेच. चार वर्षांच्या अभियांत्रिकीवाल्यांना ही अडचण येत नाही. मुलीचे वर्ष गेले. त्या वर्षात तिने दुकानात हिशेब लिहिले, आणि "आता लग्नाचे बघा" असे सांगणारेही घरी येऊन गेले. दोष माझ्याही पदरी आहे, म्हणून हे लिहिते आहे.

उपाय आहे. वयाची २२ वर्षे पूर्ण झालेल्यांची पात्रता विद्यापीठ स्वतंत्रपणे तपासू शकते. ही तपासणी अर्जाच्या आधी, वेगळ्या मुदतीत होते. ती मुदत चुकली की सारे चुकले. दुसऱ्या खेपेस भाचीने त्सुकुबाला आधी हीच तपासणी मागितली. पात्र ठरली, मग परीक्षेला बसली, आणि एप्रिलमध्ये दाखल झाली.

बाकीच्या गोष्टी क्रमाने सांगते.

पैसा : राष्ट्रीय विद्यापीठांचे सरकारी प्रमाण शुल्क वर्षाला ५,३५,८०० येन, प्रवेश शुल्क २,८२,००० येन व परीक्षा शुल्क ३०,००० येन असे आहे. वार्षिक शुल्क काही ठिकाणी वाढवलेले असते, म्हणून त्या वर्षीचे पत्रक पाहावे. अडचणीतील विद्यार्थ्यास शुल्कमाफीचा अर्ज करता येतो.

शिष्यवृत्ती : जपान सरकारची शिष्यवृत्ती दोन वाटांनी मिळते, वकिलातीमार्फत किंवा विद्यापीठामार्फत. वकिलातीची वाट साधारणतः वसंतात उघडते. कागद, लेखी परीक्षा, मुलाखत, मग विद्यापीठाचे संमतिपत्र, आणि पुढच्या वर्षी प्रयाण. म्हणून दीड वर्ष आधी तयारीला लागावे. वय ३५ च्या आत लागते. ज्या देशाचे नागरिकत्व त्याच देशातील वकिलातीकडे अर्ज करावयाचा. जपानमध्ये पोहोचतेवेळी सैन्यात नोकरीवर असलेल्यास ती मिळत नाही, हे आपल्या इकडच्या मुलांनी विशेष ध्यानात ठेवावे.

प्राध्यापकास पत्र : अर्जापूर्वी ज्यांच्या हाताखाली काम करावयाचे त्यांना पत्र लिहावे. "मी कष्टाळू असून आपल्या थोर विद्यापीठात..." असे लिहू नये. त्यांचा एक लेख खरोखर वाचावा, त्यातले काय समजले व कोणता प्रश्न पडला ते एका पानात लिहावे.

संशोधनाचा आराखडा : सारा जीव यात असतो. भाचीच्या पहिल्या आराखड्याचे शीर्षक होते 'सर्व वस्त्रांचे संपूर्ण वास्तव दर्शन'. मी विचारले, "बाळ, सर्व वस्त्रे म्हणजे किती?" तिच्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या खेपेस तिने आजीचे सुती पातळ घेतले. त्याच्या पट्ट्या एकदा धुऊन, एकदा खळ देऊन पिअर्सच्या रीतीने मोजल्या. निऱ्या पाडून छायाचित्रे घेतली. मग प्रश्न मांडला : वाकण्याचा आकडा एवढा बदलला की निऱ्यांचा आकार किती बदलतो, आणि संगणकातल्या निऱ्या तेवढ्याच बदलतात का? आधी कोणी काय केले आहे, मी काय मोजणार, न जमल्यास काय करणार, एवढे तीन परिच्छेद. मुलाखतीत त्या पातळाविषयीच विचारले गेले.

वाचकहो, मला कळले ते एवढेच. कापडाचा मोठेपणा सांगून कोणाला पटत नाही. पट्टी टेबलाबाहेर सरकवावी लागते, मग ती किती झुकते ते दिसते. माणसाचेही तेच. अर्जात मोठे शब्द नकोत. लहानसा, खरा, मोजता येणारा प्रश्न हवा. तो आपल्या घरातल्या ट्रंकेतही सापडतो. बाबांची बोटे जे जाणत होती ते त्यांना कोणी आकड्यांत लिहायला शिकवले नाही. त्यांच्या नातीला ते शिकता आले. घरोघरी अशी बोटे आहेत, आणि अशा नातीही.

स्वाध्याय

१. घरातील तीन कापडांची वाकलांबी मोजा. सर्वांत ताठ कोणते? आधी बोटांनी ओळखा, मग मोजा.
२. रुमाल सरळ व उरेब ओढून फरक एका वाक्यात लिहा.
३. शिकत असलेल्या मुलामुलीपाशी बसा आणि विचारा, "तुझे शिक्षण एकूण किती वर्षांचे झाले?" उत्तर पंधरा असेल, तर आजच विद्यापीठाचे पात्रतेचे पत्रक मागवा.